चाल कुणाची, बोल कुणाचे

मागच्या अंकात एका उत्तरात मी ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो, की तुर्कस्तानात एके काळी इंग्रजी-फ्रेंच गाण्यांच्या चालींवर तुर्की बोल बसवून अख्खं पॉप उभं राहिलं. बस, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळी सगळा कॉलम त्यालाच देतोय, रागदारीवाल्या वाचकांनी जरा सांभाळून घ्या, तुमच्या मारव्याचं उत्तर पुढच्या महिन्यात नक्की. जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: इंदूरला राजवाड्याजवळ माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं, वीस वर्षं चाललं, लोक कागदावर गाण्यांची यादी आणायचे आणि मी साठ मिनिटांत बसवून द्यायचो, त्यामुळे कुठलं गाणं कुठून आलंय हा किडा डोक्यात तेव्हाच शिरलाय.

प्रश्न: मुलगा-सून मला इस्तंबूलला घेऊन गेले होते. टॅक्सीत एक गाणं लागलं, आमच्या नातीच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये नेहमी वाजतं ते ‘आय विल सर्व्हाइव्ह’, पण भाषा तिकडची. ड्रायव्हर म्हणाला हे आमचंच गाणं. मुलगा म्हणाला चोरलंय. मला काहीच कळेना, पण गाणारी बाई काय जीव तोडून गात होती हो! कोण ती? आणि चोरलंय का खरंच?
— एक आजी, राजेंद्रनगर

उत्तर: काकू, ती अज्दा पेक्कान. तिकडे तिला ‘सुपरस्टार’च म्हणतात. आणि तुम्ही ऐकलंत ते गाणं बहुतेक ‘बामबाश्का बीरी’. मूळ गाणं ग्लोरिया गेनरचं, १९७८ चं, आणि तुर्की गाणं लगेच पुढच्या वर्षीचं, म्हणजे अमेरिकेत ताट वाढलं आणि इस्तंबूलमध्ये वाफ जायच्या आत जेवून झालं.

आता चोरीचं. थांबा, जरा मागून सांगतो.

१९६१ साली इल्हाम गेंजेर नावाच्या पियानो वाजवणाऱ्या गायकाने एक रेकॉर्ड काढली, ‘बाक बीर वारमश बीर योकमुश’. चाल बॉब अझामच्या एका फ्रेंच गाण्याची, ‘से एक्री दां ल सिएल’, अर्थ साधारण ‘आकाशात लिहिलंय’. आणि तुर्की बोल लिहिले फेज्री एब्जिओलूने, जो रेडिओवर प्रोग्रॅम करायचा. तिकडचे लोक तुर्की पॉपची सुरुवात याच रेकॉर्डपासून मोजतात. आता यातली गंमत बघा, मला तर ही कळल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. ‘बीर वारमश बीर योकमुश’ म्हणजे शब्दशः ‘एक होता, एक नव्हता’. आणि तिकडच्या प्रत्येक आजीची गोष्ट याच शब्दांनी सुरू होते, जसं आपलं ‘आटपाट नगर होतं’. म्हणजे फ्रेंच गाणं नशिबाबद्दल, आकाशात लिहिलेल्या गोष्टीबद्दल, आणि त्याच चालीवर या माणसाने घरातल्या अंथरुणात ऐकलेले शब्द आणून ठेवले. त्याने भाषांतर केलंच नाही. चाल घेतली आणि आपल्या आजीला बसवलं तिच्यावर.

या प्रकाराला तिकडे ‘आरांजमान’ म्हणतात, शब्द फ्रेंच अरेंजमेंटवरूनच. साठ आणि सत्तरच्या दशकात याचा पूर आला होता, आणि त्यात बोल लिहिणाऱ्याला जो मान होता तो आपल्याकडे गीतकाराला क्वचित मिळाला असेल. एब्जिओलू झाला, सेझेन जुमहुर ओनाल झाला, आणि तुमच्या अज्दाबाईंची बरीच गाणी जिने लिहिली ती फिक्रेत शेनेश. ही बाई बरं का. नाव पुरुषाचं असतं सहसा, म्हणून मी स्वतः कित्येक वर्षं ‘फिक्रेतसाहेब’ म्हणत होतो. नावाच्या मुळाशी आपलं फिक्रच आहे, विचार या अर्थाने.

‘बामबाश्का बीरी’ तिचंच. मूळ गाण्यात बाई म्हणते मी जगून दाखवीन. तुर्कीत ‘बाश्का’ म्हणजे वेगळं, आणि त्याला पुढे ‘बाम’ जोडला की पार वेगळं, एकदमच वेगळं, जसं आपण काळाकुट्ट, पांढरंफटक करतो तसं त्यांचं पहिलंच अक्षर दोनदा आपटतं. तर ‘बामबाश्का बीरी’ म्हणजे ‘पार वेगळीच कुणीतरी’. ‘मी मेले नाही’ असं म्हणायच्या ऐवजी ‘तू सोडून गेलास ती मी आता नाहीच’ अशा अंगाने गेली ती. माझ्या मते तर इथे तुर्की बाई मूळ बाईपेक्षा एक पाऊल पुढेच गेली, पण हे माझं मत, ग्लोरियाच्या भक्तांनी पत्रं पाठवू नयेत.

तर मुलाला सांगा की चाल त्यांची नाही हे खरंय आणि कुणी लपवलंही नव्हतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असायचं. पण गाणं त्यांचंच आहे. ड्रायव्हर खोटं बोलला नाही.

प्रश्न: उत्तरात एखादी ओळ फोड करून दाखवाल का, म्हणजे नक्की बसवतात कसं? मी क्लासमध्ये पोरांना सुगम शिकवतो, त्यांना दाखवायचंय.
— एक संगीतशिक्षक, रामबाग

उत्तर: दादा, हा खरा प्रश्न. कागद घ्या.

आदामो नावाचा बेल्जियममधला गायक, त्याचं १९६३ चं ‘तोंब ला नेज’, म्हणजे ‘बर्फ पडतोय’. जगभर गाजलं. एब्जिओलूने त्याचं तुर्की केलं, ‘हेर येर्दे कार वार’, ‘सगळीकडे बर्फ आहे’, आणि गंमत म्हणजे आदामोने स्वतःच ते तुर्कीत गायलं, त्या काळी युरोपातले बरेच गायक तुर्की बोल पाठ करून तिकडच्या बाजारासाठी रेकॉर्ड काढायचे. आता दुसरी ओळ मोजा. फ्रेंच: त्यू-न-व्यां-द्रा-पा-स-स्वार. सात. अर्थ: तू आज रात्री येणार नाहीस. तुर्की: काल्-बिम्-से-निन्-बू-गे-जे. सात. अर्थ: माझं हृदय आज रात्री तुझं.

बघितलंत का काय केलं त्याने? अर्थ पार उलटा. तिकडे ती येत नाहीये म्हणून तो खिडकीत बसून रडतोय, इकडे तो आपलं काळीज देऊन मोकळा झालाय. पण सात घरं होती, सातच भरली, आणि ‘आज रात्री’ हे शब्द मात्र दोन्हीकडे ओळीच्या शेवटी, जिथे चाल खाली येऊन टेकते तिथेच ठेवले. बर्फ ठेवला, रात्र ठेवली, बाकी सगळं बदललं. पोरांना सांगा, टेकायची जागा सांभाळायची, मधलं आपल्या हिमतीवर.

अजून एक सोपं. सिनात्राचं ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’. स्ट्रें-जर्स-इन-द-नाइट, पाच. अज्दाने केलं ‘इकी याबांजी’, म्हणजे ‘दोन अनोळखी’. इ-की-या-बां-जी. पाच. तोडसुद्धा तशीच, दोन आणि तीन. रात्र गेली पण अनोळखी राहिले.

आणि कधी कधी नशीबच साथ देतं. इटालियनमध्ये मीना नावाच्या गायिकेचं ‘पारोले पारोले’ होतं, १९७२ चं, एक पुरुष मागे गोड गोड बोलतोय आणि बाई त्याला म्हणतेय नुसते शब्द, शब्द, शब्द. आता तुर्कीत ‘पालाव्रा’ असा शब्द आधीपासूनच होता, भूमध्य समुद्रावरून तिकडच्याच भाषांतून आलेला, आणि त्याचा अर्थ बाता, थापा. म्हणजे आवाजही तोच, रागही तोच, वर जरा जास्तच बोचरं. अज्दाचं ‘पालाव्रा पालाव्रा’ झालं. हे लिहिणाऱ्याला त्या दिवशी बहुतेक फार काम पडलं नसेल.

एक गोष्ट मात्र माझी स्वतःची, कुठे वाचलेली नाही, ऐकून ऐकून वाटतं: फ्रेंच चाली तुर्कीला इंग्रजीपेक्षा सहज बसतात. कारण फ्रेंचमध्ये जोर शब्दसमूहाच्या शेवटी येतो आणि तुर्कीतही बहुतेक शब्दांचा जोर शेवटच्या अक्षरावर. इंग्रजी शब्द बऱ्याचदा सुरुवातीलाच धक्का देतो. म्हणून फ्रेंचवरून केलेली गाणी शिवल्यासारखी वाटतात आणि इंग्रजीवरून केलेल्या काही गाण्यांत बगलेत जरा ओढलेलं जाणवतं. पोरांबरोबर ऐकून बघा, पटलं नाही तर सांगा.

प्रश्न: तुर्कांना स्वतःचं संगीत नव्हतं का? एवढी जुनी परंपरा, सूफी वगैरे, मग उसनं कशाला?
— लोकमान्यनगर

उत्तर: होतं की, ढीगभर होतं. आणि त्याच्यावरच तर सरकारने बूच मारलं होतं.

१९३४ च्या नोव्हेंबरमध्ये तिकडचा राष्ट्राध्यक्ष आतातुर्कने संसदेत भाषण केलं, संगीत आधुनिक व्हायला हवं अशा अर्थाचं, आणि त्यामागोमाग जुन्या पद्धतीचं तुर्की संगीत रेडिओवरून बंद. जवळजवळ वीस महिने. सरकारचा हिशोब असा की लोक आता पाश्चात्त्य सुरावटी ऐकून सुधारतील. लोकांनी काय केलं? रेडिओचं बटण फिरवलं आणि कैरो लावलं. अरबी गाणी का होईना, निदान कानाला ओळखीचे सूर तरी! पुढे १९३८ मध्ये अब्देल वहाब या गायकाचा इजिप्शियन सिनेमा इस्तंबूलला लागला आणि एवढी गर्दी झाली की सरकारला नवीनच काळजी लागली, मग सिनेमातल्या अरबी भाषेतल्या गाण्यांवर बंदी आली आणि सादेत्तिन कायनाकसारखे संगीतकार त्या जागी तुर्की गाणी बसवायला लागले. म्हणजे बाहेरच्या गाण्याला आपले बोल ही सवय इंग्रजी-फ्रेंचच्या आधीच हाताला लागलेली होती.

आता तुम्ही लोकमान्यनगरचे, वयाने मोठे असाल तर हे ऐकताना काही आठवतंय का? १९५२. आपले केसकर, बाळकृष्ण विश्वनाथ, आपलाच मराठी माणूस, नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब. शास्त्रीय ऐका, सुधारा. लोकांनी काय केलं? बटण फिरवलं आणि सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारी रात्री घरोघरी काय व्हायचं ते मी सांगायला नको. आमचे वडील सांगायचे, मालवा हाऊसवर १९५५ साली इंदूरचं केंद्र सुरू झालं तेव्हा शहराला केवढा अभिमान, आपला रेडिओ आपला रेडिओ, आणि संध्याकाळी त्याच अभिमानी घरांमधून आवाज यायचा सिलोनचा. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावी लागली. कैरो काय नि कोलंबो काय, मंत्र्यांना एवढं कसं कळत नाही की सुई माणसाच्या हातात असते.

तर मुद्दा असा की साठच्या दशकात तिकडच्या शहरातल्या तरुणांना घरचं संगीत जुनाट वाटायला लागलं होतं आणि बाहेरचं कळत नव्हतं, भाषेमुळे. आरांजमान मधला रस्ता निघाला. काहींना तोही पटला नाही, १९६५ मध्ये हुर्रियत या पेपरने ‘आल्तन मिक्रोफोन’, सोनेरी मायक्रोफोन नावाची स्पर्धा सुरू केली, अट अशी की वाद्यं पाश्चात्त्य चालतील पण गाणं तुर्की हवं, लोकगीत घ्या नाहीतर नवं करा. इलेक्ट्रिक गिटारवर अनातोलियाची लोकगीतं वाजायला लागली ती याच सुमारास, पण तो वेगळा विषय, त्यावर लिहायला बसलो तर संपादक माझं पान कापतील.

प्रश्न: सगळं एकतर्फीच का? तुर्कांकडून कुणी काही घेतलं की नाही?
— एम.ए.ची विद्यार्थिनी

उत्तर: घेतलं ना. पटापट सांगतो.

‘सामानयोलू’. मेतिन ब्युकेयने १९६७ च्या सुमारास सिनेमासाठी केलेली चाल, बेर्कांतने गाऊन घराघरात पोचवली. सामान म्हणजे तिकडे गवत, पेंढा, आणि योल म्हणजे रस्ता, पेंढा सांडलेला रस्ता, म्हणजेच आपली आकाशगंगा. ही चाल १९६९ मध्ये डेव्हिड अलेक्झांडर विंटर या हॉलंडच्या गायकाने फ्रेंचमध्ये ‘ओ लेडी मेरी’ म्हणून गायली आणि युरोपात खूप वाजली. पेंढ्याचा रस्ता गेला, लेडी मेरी आली. फिट्टंफाट.

तार्कानचं १९९७ चं ‘श्मारक’, ते चुंबनाच्या आवाजाचं, तेच पुढे इंग्रजीत ‘किस किस’ झालं. तुमच्या पिढीला हे मी सांगायला नको.

आणि जुनी ती ‘उस्कुदारा गिदेर इकेन’, ‘कातिबिम’ पण म्हणतात, उस्कुदारला जाताना पाऊस लागला आणि कारकुनाचा कोट लांब अशी काहीतरी मजेदार. अर्था किटने १९५३ मध्ये अमेरिकेत गाजवली. पण ग्रीक म्हणतात आमची, सर्ब म्हणतात आमची, बल्गेरियन, अल्बेनियन सगळे भांडतात, २००३ मध्ये एका बल्गेरियन दिग्दर्शिकेने तर ‘हे गाणं कुणाचं’ याच विषयावर डॉक्युमेंटरी केली. आणि आपल्याकडे? काझी नझरुल इस्लाम पहिल्या महायुद्धात फौजेत कराचीला होते, त्यांचं ‘शुकनो पातार नूपुर पाये’ हे बंगाली गाणं याच चालीवर आहे. ऐकून बघा, वाळक्या पानांचं पैंजण बांधून वारा नाचतोय आणि खाली कारकुनाचा कोट!

आणखी एक, आपल्या बाजूने. राज कपूरचा ‘आवारा’ तिकडे इतका चालला की १९६४ मध्ये त्यांनी स्वतःचा ‘आवारे’ काढला. शब्द भाषांतर करायची पण गरज नाही पडली, आवारे तुर्कीत तसाच आहे, फारसीतून दोघांकडे गेलेला.

प्रश्न: तुम्ही तुर्कांचं कौतुक करताय, पण हेच आपल्या हिंदी सिनेमावाल्यांनी केलं की आपण चोर म्हणतो. मग तुमचा न्याय दुटप्पी नाही का? आणि आपल्या मराठीत हे झालं नाही याचा मला अभिमान आहे.
— निवृत्त प्राध्यापक, वैशालीनगर

उत्तर: सर, पहिला अर्धा प्रश्न बरोबर, दुसरा अर्धा मात्र अजिबात नाही. उलट मराठीत हे तुर्कांच्या ऐंशी वर्षं आधी झालंय आणि तुम्ही त्यावर माना डोलावल्या असणार.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. त्यातल्या पदांना चाली कुठल्या? कानडी पदांच्या, लावणीच्या, साकीच्या, दिंडीच्या, लोकांच्या ओठांवर आधीच असलेल्या. जुनी संगीत नाटकांची पुस्तकं उघडा, आमच्या घरी एक होतं, पानं पिवळी, वाळवीने एक कोपरा खाल्लेला, प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात कंसात छापलेलं: चाल, आणि पुढे मूळ गाण्याचे पहिले शब्द. म्हणजे वाचणाऱ्याला तो मुखडा ठाऊक असायचा, त्यावर पद म्हणून टाकायचा. १९११ च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ठुमऱ्या-दादऱ्यांच्या ढंगाच्या चाली आणल्या आणि लोक वेडे झाले. या नाटक कंपन्या इंदूरला येऊन मुक्काम टाकायच्या, इथल्या मराठी घरांमध्ये ती पदं स्वयंपाक करता करता म्हटली जायची, आमची आजी म्हणायची, आणि तिला विचारलं की ही चाल मूळ कुठली तर ती म्हणायची, ‘मेल्या, बालगंधर्वांची!’ आता काय बोलणार.

तर माझा न्याय दुटप्पी नाही, फक्त त्या कंसाचा आहे. नाटकाच्या पुस्तकात कंस होता. तुर्कांच्या बाबतीत सगळ्या रेकॉर्डवर नीट नाव असायचं असं मी म्हणत नाही, पण आरांजमान हा शब्दच कबुली होती, की बाबांनो हे दुसऱ्याचं आहे, आम्ही बोल घातलेत. आणि हिंदीत? ‘शोले’तलं ‘महबूबा महबूबा’ डेमिस रूसोसच्या गाण्यावरून, ‘हम किसीसे कम नहीं’मधलं ‘मिल गया हमको साथी’ ॲबाच्या ‘मम्मा मिया’वरून, ‘हरि ओम हरि’ तर ‘वन वे तिकीट’वरून सरळसरळ. कव्हरवर कंस कुठे? माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक यायचे, बँकेतले, ते दर वेळी मूळ इंग्रजी गाणं आणि हिंदी गाणं एकामागोमाग भरून घ्यायचे, साइड ए आणि साइड बी नाही, लागोपाठ, आणि दुकानात उभे राहून प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, ‘सुनो भिया, चोर पकडा’. मला धंद्याचं टेन्शन, पण शिकलो त्यांच्याकडूनच.

पण म्हणून सगळ्यांना एकाच दोरीत बांधू नका. सलिल चौधरींनी ‘छाया’मध्ये मोझार्टच्या चाळीसाव्या सिंफनीचा मुखडा उचलला, ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’, १९६१ साली. म्हणजे बघा, ज्या वर्षी इस्तंबूलला इल्हाम गेंजेर ‘एक होता एक नव्हता’ गात होता त्याच वर्षी. आणि अंतऱ्यात सलिलदा कुठल्या कुठे निघून जातात, मोझार्ट दारात उभा. त्याला चोरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इथे माझा न्याय थोडा दुटप्पी आहे, सर, मान्य.

जाता जाता, डेमिस रूसोस ग्रीक, पण जन्म इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाचा. वरचा बॉब अझाम, ज्याच्या चालीवर तुर्की पॉप सुरू झालं, तोही मूळचा इजिप्तकडचाच. आणि तुर्क रेडिओवर लावायचे ते कैरो. ‘पाश्चात्त्य चाल’ म्हणून आपण जिला बोट दाखवतो ती किती वेळा नाईलचं पाणी पिऊन आलेली असते, गंमतच आहे.

प्रश्न: आमच्या गणेश मंडळात या वर्षी एका फेमस इंग्रजी गाण्यावर मराठी बोल बसवून ग्रुप साँग करायचंय आणि नंतर व्हिडिओ टाकायचाय. काही प्रॉब्लेम येईल का? आणि बोल लिहायला टिप्स द्या ना दादा.
— पाच मैत्रिणी, सुदामानगर

उत्तर: मुलींनो, मी वकील नाही, पण दुकानामुळे एवढं शिकावं लागलं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून ३१ सी कलम आहे, त्यात पाच वर्षं उलटलेल्या गाण्याचं कव्हर, रीतसर नोटीस देऊन आणि पैसे भरून, करता येतं, पण गाणं आहे तसं. बोल बदलले की ते कव्हर राहात नाही, त्याला मालकाची परवानगी लागते, आणि परदेशातल्या कंपनीला सुदामानगरातून मेल टाकून गणपतीच्या आत उत्तर येईल ही आशा सोडा. पेंडॉलमध्ये कुणी बोलेल न बोलेल, व्हिडिओ मात्र पटकन उडतो.

त्यापेक्षा जुनी चाल घ्या, जिचा मालक उरलेला नाही. आपल्याकडे लिहिणारा गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतो. ‘ओ माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ १८८४ च्या सुमारास छापलेलं आहे, सगळ्यांना येतं, आणि हिंदीत १९५६ च्या ‘सीआयडी’त त्याच चालीवर ‘ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ’ होऊन गेलंय, म्हणजे मंडळातले काकालोक पण गुणगुणतील. 

आता बोल. ओ-माय-डार्-लिंग, चार घरं, असं तीनदा, आणि शेवटी क्ले-मेन्-टाइन, तीन. पहिली दोन घरं छोटी, पळती. पुढची दोन लांब, त्यातलं तिसरं सगळ्यात जोराचं. तर तिसऱ्या घरात दीर्घ अक्षर टाका. ‘ये ना भेटू, ये ना भेटू, ये ना भेटू सांजेला’, म्हणून बघा, ‘भे’ कसा आरामात पाय पसरून बसतो. गणपतीसाठी तुम्ही तुमचं काहीही लिहा, पण ती जागा आ, ए, ओ अशा उघड्या स्वराला द्या. तुर्कीत मूळ शब्दांमध्ये ऱ्हस्व-दीर्घाची आपल्यासारखी भानगड नाही, त्यामुळे त्यांना अक्षरं मोजली की निम्मं काम झालं. मराठीत मोजून भागत नाही, वजन पण करावं लागतं.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. कॉलेजच्या गॅदरिंगला, पंचेचाळीस वर्षं झाली असतील, मी याच चालीवर प्रेमगीत लिहिलं होतं, ‘तू कमल गं, तू कमल गं’. घरं मोजली, तू-क-मल्-गं, चार, एकदम बरोबर, शाबास रे पठ्ठ्या म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली. स्टेजवर गेलो. तिसऱ्या घरावर चाल लांबली आणि शब्द मधूनच तुटला, आणि पाचशे पोरांसमोर मी एका मुलीकडे बघून मनापासून गायलो, ‘तू कऽ... मऽऽऽल गं’. पहिल्या वेळी शांतता. दुसऱ्या वेळी मागच्या बाकावरच्या मेडिकलला गेलेल्या एका सीनियरने तो शब्द मोठ्याने परत म्हटला. त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही. ती मुलगी पुढे भोपाळला गेली, तीन वर्षांनी पोहे खाताना राजवाड्यावर भेटली तेव्हा तिने नमस्कार वगैरे काही केला नाही, सरळ विचारलं, ‘काय, पोट बरंय का आता?’

तर लिहून झालं की तालमीत एकीने गायचं आणि चौघींनी डोळे मिटून ऐकायचं, कुठला शब्द कुठे तुटतोय आणि तुटून काय होतोय. आणि पडद्यावर किंवा हातातल्या कागदावर वरती बारीक अक्षरात लिहा: चाल, ओ माय डार्लिंग. कंसात.